बिनतारी जाळीं आणि विद्यापीठांचें देणेंघेणें

गणकयंत्र आज घरोघर, किंबहुना खिशाखिशांत आढळतें. त्यामुळें एके काळीं तें गांवच्या विहिरीसारखें होतें, साऱ्या पंचक्रोशींत एकच, आणि ज्यानें त्यानें लांबून येऊन आपला घडा भरून न्यावयाचा, ही गोष्ट सहसा ध्यानांत येत नाहीं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६४ सालीं सी. डी. सी. ३६०० हें यंत्र आलें, तेव्हां देशांतील अनेक संस्थांचें गणित त्या एका यंत्रावर होत असे. आंकडे व आज्ञा भोंकें पाडलेल्या जाड कागदी पत्त्यांवर उतरावयाच्या, त्या पत्त्यांचे गठ्ठे यंत्रापाशीं न्यावयाचे, आणि उत्तराची वाट पाहत बसावयाचें. यंत्राची घटका मोलाची आणि माणसाची घटका त्या मानानें स्वस्त, असा तो काळ होता.

अशा विहिरी बहुधा विद्यापीठांच्या व संशोधनसंस्थांच्या अंगणांत होत्या. अंगणाबाहेरच्या माणसानें पाणी कसें न्यावें, हा प्रश्न जेथें समुद्र आडवा आला तेथें प्रथम तीव्रतेनें उभा राहिला, आणि त्याचें उत्तर बिनतारी विद्येनें दिलें. पुढें तीस वर्षांच्या आंत मागणारा आणि देणारा यांच्या जागांची अदलाबदल झाली. बिनतारी जाळ्यांच्या इतिहासांत तांत्रिक चमत्कार पुष्कळ आहेत. परंतु ही अदलाबदल त्यांहून अधिक लक्ष देण्याजोगी आहे.

हवाई हा प्रशांत महासागरांतील बेटांचा प्रदेश. तेथील विद्यापीठाचें मुख्य आवार ओआहू बेटावर, होनोलुलूजवळ मानोआच्या खोऱ्यांत आहे. १९७० च्या सुमारास हिलो येथें त्याचें चार वर्षांच्या शिक्षणक्रमाचें एक महाविद्यालय होतें. दोन वर्षांच्या शिक्षणक्रमाचीं पांच महाविद्यालयें ओआहू, कौआई, माउई आणि हवाई या चार बेटांवर विखुरलेलीं होतीं. शिवाय होनोलुलूपासून दोनशें मैलांच्या परिघांत संशोधनाचीं कित्येक ठाणीं होतीं. मोठें गणकयंत्र मात्र मुख्य आवारांत होतें, आय. बी. एम. ३६०/६५. दुसऱ्या बेटावरील विद्यार्थ्याला त्याचा उपयोग करावयाचा झाल्यास मधून समुद्र वाहत होता.

टेलिफोनची तार भाड्यानें घेणें हा एक मार्ग होता. पण गणकयंत्राशीं संभाषण करणारा माणूस टेलिफोनवर बोलणाऱ्यासारखा अखंड बोलत नाहीं. तो एक ओळ टंकलिखित करतो, थांबतो, डोकें खाजवितो, उत्तर वाचतो, पुन्हां एक ओळ लिहितो. तासाभराच्या बैठकींत तार प्रत्यक्ष कामांत येते ती कांहीं क्षणच. भाडें मात्र पूर्ण तासाचें पडतें. रिकाम्या गाडीचें पुरें भाडें भरण्यासारखाच हा प्रकार होता.

नॉर्मन अब्रॅमसन या प्राध्यापकानें १९६८ च्या सप्टेंबरांत या प्रश्नाला हात घातला. त्याचा जन्म १९३२ चा, बोस्टन शहरांतला. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील जागा सोडून तो हवाईस आला, त्यांत समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन खेळण्याच्या त्याच्या नादाचाही भाग होता. विद्येच्या इतिहासांत असल्या नादांची नोंद क्वचितच होते. येथें ती करणें भाग आहे. फ्रँकलिन कुओ, वेस्ली पीटरसन, शू लिन, रिचर्ड बाइंडर हे त्याचे सहकारी, आणि द्रव्य अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधनसंस्थेचें. योजनेचें नांव त्यांनीं त्या बेटांवरील अभिवादनाच्या शब्दावरून 'अलोहा' असें ठेविलें.

यापूर्वींची रीत अशी होती कीं, एका बिनतारी मार्गावर अनेकांना बोलावयाचें असेल तर प्रत्येकाला निराळी वेळ नेमून द्यावी, अथवा निराळी कंपनसंख्या द्यावी. म्हणजे पंगतींत प्रत्येकाचें पान ठरलेलें. जेवणारा आला नाहीं तरी पान रिकामें राहणार. अब्रॅमसनानें पानेंच काढून टाकलीं. ज्याला ज्या क्षणीं पाठवावयाचें असेल त्यानें त्या क्षणीं आपल्या संदेशाचें लहानसें पुडकें करून तें सोडून द्यावें. पुडक्यांत जास्तींत जास्त ८० अक्षरांचा मजकूर, सोबत कोठून आलें त्याची खूण, आणि वाटेंत बिघडलें किंवा नाहीं तें ओळखण्याची अंकांची पडताळणी. मुख्य ठाण्याला पुडकें धड पोंचलें तर तें दुसऱ्या कंपनसंख्येवरून पोंच देई. दोघांचीं पुडकीं एकाच क्षणीं निघालीं तर तीं हवेंत एकमेकांवर आदळून दोन्हीं नासत, पोंच येत नसे, आणि मग दोघेही तींच पुडकीं पुन्हां पाठवीत.

खरी मेख या 'पुन्हां' मध्यें आहे. दोघेही सारखाच वेळ थांबले तर पुन्हां टक्कर होणार, हें उघड आहे. दिवाणखान्यांत दोन पाहुणे एकदमच बोलावयास लागतात, दोघेही एकदमच थांबतात, 'आपण बोला' म्हणतात, आणि पुन्हां एकदमच सुरुवात करतात. तसाच हा प्रकार. म्हणून प्रत्येक ठाण्यानें किती वेळ थांबावें तें केवळ यदृच्छेवर सोडलें होतें. एक थोडें थांबे, दुसरें अधिक. आणि वाट आपोआप मोकळी होई. कोणी पंच नको, कोणाची पाळी लावावयास नको.

या व्यवस्थेंत नासाडी पुष्कळ होती, आणि अब्रॅमसनानें ती लपविली नाहीं. १९७० सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत त्यानें हिशेब करून दाखविलें कीं, अशा मार्गाच्या एकूण शक्तीपैकीं फार तर १८ टक्क्यांच्या थोडा वर भाग सत्कारणीं लागेल. परीक्षेंत अठरा टक्के गुण मिळविणारास कोणीही वरच्या वर्गांत घालणार नाहीं. पण त्याच निबंधांत दुसराही हिशेब होता: प्रत्येक माणूस सरासरीनें मिनिटास एक पुडकें पाठवीत असेल तर एवढ्याशा शक्तींतही एका मार्गावर ३२४ माणसें एकाच वेळीं काम करूं शकतील. नासाडी पत्करून त्यानें शेंकडों माणसांना दार उघडें केलें. (पुढें लॉरेन्स रॉबर्ट्स यानें, पुडकीं ठराविक ठोक्यावरच सोडावीं एवढा निर्बंध घालून, हें प्रमाण दुपटीवर, म्हणजे जवळजवळ ३७ टक्क्यांवर नेलें.)

१९७१ च्या जूनमध्यें पहिलीं पुडकीं हवेंतून मुख्य ठाण्याकडे गेलीं. मार्ग दोन, एक ४०७ मेगाहर्ट्झच्या किंचित वर, दुसरा ४१३ च्या वर, गति सेकंदास ९,६०० अंकखुणा. मोठ्या यंत्राच्या दाराशीं, येणारीं पुडकीं तपासून आंत सोडण्याकरितां, एक लहान गणकयंत्र बसविलें होतें. त्याचें नांव 'मेनेहुने'. हवाईच्या लोककथांत मेनेहुने हे रात्रींत तळीं व बांध बांधून टाकणारे बुटके लोक आहेत. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील अर्पानेट जाळ्यांत अशाच द्वारपाळ यंत्राच्या इंग्रजी नांवाचीं आद्याक्षरें जोडलीं असतां 'इम्प', म्हणजे खट्याळ पिशाच्च, असा शब्द होई. त्याला हें बेटांवरच्या पंडितांचें उत्तर होतें. १९७२ च्या डिसेंबरांत हें जाळें उपग्रहाच्या द्वारें अर्पानेटशीं जोडलें गेलें.

अलोहाचा वंशविस्तार मोठा झाला. हार्वर्डनें रॉबर्ट मेटकाफ याचा प्रबंध प्रथम परत केला होता. अलोहाच्या गणिताची भर घालून त्यानें तो पुरा केला, आणि १९७३ च्या मे महिन्यांत झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेंत, तोच विचार तारेवर आणून, ईथरनेटची योजना लिहिली. 'बोलण्यापूर्वीं ऐकावें' असा सुसंस्कृतपणा त्यांत अधिक होता. आज घरांतून जें वाय-फाय असतें, त्याची शिस्तही याच घराण्याची आहे: अगोदर ऐकणें, मग बोलणें, पोंच न आल्यास यदृच्छेनें थांबून पुन्हां बोलणें. १९८५ सालीं अमेरिकेच्या दळणवळण मंडळानें कांहीं कंपनपट्टे परवान्यावांचून वापरण्यास मोकळे केले. त्यांपैकीं २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आजही घरगुती मायक्रोवेव्ह शेगडीचाच आहे. असा भटारखान्याचा शेजार पत्करून तेथें १९९७ सालीं बिनतारी जाळ्यांचें पहिलें मानक आलें. आतां अँटेना उभारण्यास सरकारी कागद लागेना, आणि ती विद्यापीठाच्या अंगणांतून निघून सामान्य गृहस्थाच्या छपरावर जाण्यास मोकळी झाली.

इकडे विहिरीचीही स्थिति पालटली होती. हवाईचें दान एकाच दिशेनें वाहत होतें. यंत्र विद्यापीठाचें, गरज दूरच्यांची. १९९९ च्या १७ मे रोजीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेनें लोकांपुढें उलट हात पसरला. पोर्टो रिकोंतील आरेसिबोच्या दुर्बिणीनें टिपलेल्या रेडिओलहरींत परग्रहावरील बुद्धिमान प्राण्यांचा कांहीं संकेत आढळतो कीं काय, हें शोधावयाचें होतें; आणि एवढें गणित करावयास पुरेसें यंत्र विद्यापीठाजवळ नव्हतें. दुर्बिणीपासून बर्कलेपर्यंत पुरेशी वाहिनीही नव्हती. टिपलेल्या फिती टपालानें येत. तेथें त्यांचे लहान तुकडे करून ते घरोघरच्या गणकयंत्रांकडे इंटरनेटवरून धाडले जात, आणि मालक चहास उठला कीं त्याचें रिकामें यंत्र परग्रहांचें गणित करूं लागे. पन्नास लाखांहून अधिक लोक या कामांत कधीं ना कधीं सहभागी झाले. नवें काम वांटण्याचें २०२० च्या मार्चअखेर थांबलें. संकेत कांहीं मिळाला नाहीं. परंतु गणनशक्ति आतां घराघरांत सांठली आहे आणि विद्यापीठ तिच्यापुढें याचक म्हणून उभें राहूं शकतें, एवढें त्यानें निर्विवाद दाखविलें.

घरांजवळ यंत्रें होतीं, छपरें होतीं, आणि नव्या शतकाच्या आरंभीं पुष्कळांजवळ चांगला इंटरनेट मात्र नव्हता. विद्यापीठाजवळ इंटरनेट होता व विद्या होती. खऱ्या वस्तींत, खऱ्या पावसापाण्यांत विद्या पारखावयास जागा नव्हती. येथें बरोबरीचा सौदा जमण्याजोगा होता.

मॅसॅच्युसेट्स येथील सुप्रसिद्ध तंत्रविद्यापीठानें, एम. आय. टी. नें, केंब्रिज शहरांत हा सौदा केला. योजनेचें नांव 'रूफनेट', म्हणजे छपरांचें जाळें. स्वयंसेवक नागरिकाला एक गणकयंत्र, एक वाय-फायचें कार्ड व छपरावर बसवावयाची अँटेना मिळे; ती त्यानें आपल्या हातानें बसवावयाची. कोणतें ठाणें कोणाशीं बोलेल याची आंखणी कोणी केलेली नव्हती. तीं आपापले शेजारी आपणच शोधीत, आणि पुडकें या छपरावरून त्या छपरावर उड्या घेत, तारेनें इंटरनेटला जोडलेल्या थोड्या ठाण्यांपर्यंत पोंचे. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांत अशीं ३७ ठाणीं सुमारें चार चौरस किलोमीटर वस्तींत पसरलेलीं होतीं. नागरिकाला जाळें मिळालें. विद्यार्थ्यांना मापनें मिळालीं, आणि प्रयोगशाळेच्या भिंतींत बसून बांधलेले कित्येक तर्क छपरावर टिकत नाहींत हें कळलें.

रूफनेटच्या कांहीं संशोधकांनीं पुढें २००६ सालीं मेराकी ही कंपनी काढली, आणि २०१२ सालीं सिस्को कंपनीनें ती १२० कोटि डॉलरांना घेतली. यांत गैर कांहीं नाहीं. ज्ञान प्रयोगशाळेंतून बाजारांत जातें, आणि तें जावें म्हणूनच समाज प्रयोगशाळा पोसतो. परंतु ज्यांनीं शिडी लावून आपल्या छपरावर खांब रोवला, त्यांचें या ज्ञानांत कांहीं देणें निघतें काय, निघत असेल तर तें कोणत्या रूपानें फेडावें, असा प्रश्न मनांत उभा राहतोच. अटलांटिकच्या पलीकडे त्याचें एक उत्तर मिळालें, आणि तें विद्यापीठाआधीं शेतकऱ्यांच्या गांवांतून आलें.

स्पेनच्या ईशान्येस कातालोनिया प्रांत आहे. त्यांतील ओसोना तालुक्यांत गुर्ब हें विक् शहराशेजारचें गांव. शेतावरच्या विखुरलेल्या घरांपर्यंत जलद इंटरनेट नेणें टेलिफोन कंपन्यांना परवडेना. २००४ सालीं रामोन रोका आणि त्याचे शेजारी यांनीं वाय-फायचीं साधीं उपकरणें घेऊन घरापासून घरापर्यंत दुवे बांधावयास आरंभ केला. तेंच 'गिफी' जाळें. पहिल्यापासूनच त्यांनीं एक लेखी सनद केली. जाळ्यांत येणारानें आपला तुकडा आपल्या खर्चानें बांधावा. तो त्याच्याच मालकीचा राहील. परंतु इतरांचीं पुडकीं त्यानें आपल्या तुकड्यांतून अडथळा न करतां व आंत न डोकावतां जाऊं द्यावीं. आणि वाढवूं इच्छिणारास पुढचा दुवा जोडूं द्यावा. सार्वजनिक पाणवठ्याचा हा नियम आपल्याकडील खेड्यांना नवा वाटूं नये, जरी तो पाळण्याचा आपला इतिहास सर्वत्र अभिमानास्पद नाहीं. २००८ सालीं जाळ्याच्या देखभालीसाठीं एक विश्वस्त संस्था स्थापन झाली; पुढें शेतकऱ्यांनीं कांचतंतूही ओढले; आणि २०१५ च्या सुमारास चालू ठाण्यांची संख्या तीस हजारांच्या आसपास गेली होती.

बार्सेलोना येथील कातालोनियाचें तंत्रविद्यापीठ या जाळ्याशीं जोडलें गेलें तें या टप्प्यावर. २०११ ते २०१५ या काळांत, युरोपीय संघाच्या साहाय्यानें, त्यानें गिफी, व्हिएन्नाचें फुंकफॉयर व अथेन्सचें नागरी बिनतारी जाळें यांच्या सहकार्यानें 'कम्युनिटी-लॅब' नांवाची प्रयोगशाळा उभारली. ती कोणत्याही इमारतींत नव्हती. तीन देशांतील लोकांच्या घरांत होती. त्यांतील रचना देवघेवीच्या दृष्टीनें फार समंजस आहे. सभासदाच्या छपरावरील त्याचें उपकरण त्याचेंच राहिलें, त्याला हात लावावयाचा नाहीं. त्याच्या शेजारीं संशोधनाचें निराळें लहान गणकयंत्र ठेविलें. प्रयोग चालावयाचे ते या दुसऱ्या यंत्रावर, तेही एकमेकांपासून अलग केलेल्या कप्प्यांत. प्रयोग फसला तर शेजाऱ्याचा इंटरनेट बंद पडूं नये. दूरच्या विद्यापीठांतील संशोधक अशा अनेक घरांतील एकेक कप्पा मागून घेई आणि त्यांचें मिळून आपलें एक जाळें करी. हवाईच्या विद्यार्थ्याला जशी मानोआच्या यंत्राची एक घटका मिळे, तशी येथें प्राध्यापकाला गृहस्थाच्या यंत्राची एक घटका मिळत होती.

या सौद्याच्या दुसऱ्या अंगानेंही कांहीं दिलें. २०१३ पासून त्याच विद्यापीठाच्या भागीदारींत, घरोघरच्या लहान यंत्रांचा सामाईक सांठा करून लोकांनींच तो वापरावा, यासाठीं 'क्लाउडी' नांवाची प्रणाली तयार झाली. तिच्यांतील फायली जतन करण्याची एक युक्ति सांगण्यासारखी आहे. मालकाच्या यंत्रावरच फायलीला कुलूप लागतें. मग तिचे, समजा, दहा तुकडे होऊन दहा शेजाऱ्यांकडे जातात. आणि त्यांपैकीं कोणतेही तीन हातीं आले तरी पूर्ण फाइल परत उभी राहते. सात शेजाऱ्यांनीं यंत्रें बंद करून गांवाला जावें, तरी कागद बुडत नाहीं. आणि ज्यांच्याकडे तुकडे आहेत त्यांना त्यांतील एक अक्षरही वाचतां येत नाहीं. शेजाऱ्यावर भरवसा ठेवावा, पण किल्ली आपल्या कमरेला असावी, हें व्यवहारज्ञान त्यांत गणितानें बसविलें आहे.

अडचणी राहिल्याच. घरचें लहान यंत्र मोठ्या कंपन्यांच्या यंत्रागारांशीं वेगांत बरोबरी करूं शकत नाहीं. शिवाय विद्यापीठाचा उत्साह अनुदानाच्या मुदतीशीं बांधलेला असतो, आणि छपरावरचा खांब मात्र मुदत संपली तरी वाऱ्यांत उभा असतो; त्याचा सैल झालेला खिळा कोणी आवळावयाचा? गिफीनें याचीही तजवीज केली. जाळ्यावर व्यापार करणाऱ्या लहान कंपन्यांनीं, कोणी किती गुंतविलें व कोणी किती वापरलें याचा हिशेब मांडून, परस्परांची भरपाई करावयाची, असा ताळेबंद तेथें ठेवण्यांत येऊं लागला. सामाईक कुरणें व पाणी शतकानुशतकें कशीं टिकलीं याच्या अभ्यासाबद्दल एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें होतें. बार्सेलोनाच्या संशोधकांनीं गिफीचें वर्णन करतांना त्यांच्याच कसोट्या लावल्या, हें योग्यच झालें.

महाराष्ट्रांत या प्रश्नाचा अनुभव पालघर तालुक्यानें घेतला आहे. मुंबईपासून थोड्याच अंतरावर असलेल्या खामलोली व भोवतालच्या गांवांत, प्राध्यापक अभय करंदीकर यांच्या नेतृत्वाखालीं पवईच्या आय. आय. टी. नें बिनतारी जाळें उभें केलें. तेथें युक्ति निराळी होती. ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ हा पट्टा दूरचित्रवाणीसाठीं राखलेला. पण त्यांतील पंधरा मार्गांपैकीं बारा मार्ग भारतांत जवळजवळ सर्वत्र रिकामेच पडून आहेत, असें याच संस्थेच्या २०१४ च्या अभ्यासांत दिसून आलें होतें. या कंपनसंख्येच्या लहरी झाडाझुडपांतूनही वाट काढतात, म्हणून सरकारी अनुमति घेऊन रिकाम्या मार्गांवरून इंटरनेट गांवांत नेण्यांत आला. 'ग्राममार्ग' या नांवाच्या या कार्याला २०१७ सालीं मोझिला संस्थेच्या स्पर्धेंत पहिलें पारितोषिक मिळालें. पुढच्या टप्प्यांत पंचवीस गांवें घेतलीं, तेव्हां मुख्य विचार अँटेनाच्या उंचीइतकाच तिच्या धन्याचाही झाला. सरकार व खाजगी व्यावसायिक यांच्या जोडीला ग्रामपंचायतीनें स्वतःचें भांडवल घालावें, जाळ्यावर तिचा हक्क असावा, आणि मिळकतींतून देखभाल व्हावी, अशी योजना संशोधकांनीं पुढें मांडली, आणि पंचायतींशीं बोलणीं त्याच पायावर सुरू झालीं.